जाकिटातला कापूस

ये, अशी जवळ बस. त्या खुर्चीत नको, इथं, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. कागदावर कुठली आलीय खुर्ची आणि कुठला गुडघा, ते मलाही कळतं गं. पण समोर कुणी बसलंय असं वाटल्याशिवाय मला लिहिता येत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन झालं ते गिऱ्हाइकं ज्या वर्तमानपत्रात कापड गुंडाळून आणायची त्यावर. म्हणून बोलते तसं लिहिते. तू ऐकल्यासारखं वाच.

आणि आधी चार बोलणी खा. न विचारता माझ्या ट्रंकेतलं काळं जाकीट नेलंस ते नेलंस. जीन पँटीवर घालून फोटो पाठवलास, तेही चाललं. तुझ्या आजोबांचं आहे, तुझा हक्क आहे. पण खाली लिहिलंस काय? "आजी, डाव्या बाजूला आत गोळा लागत होता म्हणून अस्तर थोडं उसवलं. मूठभर कापूस निघाला. टाकून दिला. शिवताना चुकून राहिला असेल ना?"

चुकून! चाळीस वर्षं मशीन चालवलंय मी. सुई चुकून टोचली असेल, कापड चुकून तिरकं कापलं असेल. मूठभर कापूस चुकून राहत नाही. तो कापूस काढायचं धाडस मला अजून झालं नव्हतं, आणि तू चहाचा चोथा टाकावा तसा टाकलास. वाचल्यावर मी हातातलं काम खाली ठेवलं. का, ते आता सांगते. मध्येच उठू नकोस.

जाकीट म्हणजे काय हे आधी कळलं पाहिजे. तुम्ही त्याला वेस्टकोट म्हणता, लग्नात एक दिवस भाड्यानं आणता नि परत करता. आमच्या कवठे महांकाळच्या दुकानात ते रोजचं होतं. माझे सासरे शिंपी, त्यांचे वडील शिंपी, आणि त्या वडिलांचे वडील बाराबंदी शिवायचे म्हणे. बाराबंदीला बटण नाही. सगळे बंद. या बगलेतून त्या बगलेत, छातीशी, कमरेशी गाठी मारायच्या. सासरे कापड बेतता बेतता सांगायचे, "बंदाला मानसाचं काय पडल्यालं नसतं बग. जाड झाला, सैल बांदतोय. वाळला, आवळून बांदतोय. बटनं आली नि मानसाची चुगली कराय लागली. पोट सुटलं की बटन ताणतंय, मानूस खंगला की काजात लोंबतंय."

मग साहेबाचा अंमल आला. कोट आला आणि कोटाच्या आतून जाकीट आलं. कोट आमच्या उन्हात कुठं टिकतोय? तो राहिला मास्तराच्या नि वकिलाच्या अंगावर. शेतकऱ्यानं कोट सोडून दिला आणि आतलं तेवढं उचललं. धोतर, सदरा, वर जाकीट, डोक्याला पटका. घरात, रानात बंडी चालायची. पण बाजाराला, सोयरिकीला, चावडीवर जायचं तर जाकीट. ते घातल्यावरच माणूस चारचौघांत मांडी घालून बसायला मोकळा. एका खिशात पान-तंबाखूची चंची, एका खिशात घड्याळ, आणि आत छातीशी चोरखिसा, त्यात काय असतं ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसायचं. हे सगळं सासऱ्यांकडून ऐकलेलं. पुस्तकात निराळं असेल तर असो.

एक गोष्ट मात्र मी स्वतः शेकडो वेळा शिवली आहे, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. जाकिटाचा पुढचा भाग चांगल्या कापडाचा असतो आणि पाठ नुसत्या अस्तराची. मूळ ते कोटाच्या आत जायचं, पाठ बघणार कोण? कोट गेला, पण पाठ तशीच स्वस्तातली राहिली. पुढचा भाग लोकांसाठी, पाठ घरच्यांसाठी. आणि त्या पाठीवर कमरेपाशी एक पट्टा असतो, बक्कल लावलेला. आवळायचा, सैल करायचा. सासरे म्हणायचे, बारा बंदांतला हा एकच जिता राहिलाय.

त्या पट्ट्यानं मला पहिल्यांदा घाबरवलं.

नव्वद सालानंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. सासरे वारले होते. दुकान आम्ही दोघंच बघायचो, तुझे आजोबा पुढच्या मशीनवर, मी मागच्या खोलीत काज, बटणं, तुरपाई आणि ब्लाउजं. बाजारपेठेत तयार कपड्यांची दोन दुकानं आली होती. पोरं तिकडं जायची. जाकीट शिवायला यायची ती म्हातारी माणसं, आणि दर वर्षी त्यांतलं एकेक कमी व्हायचं. तुझ्या आजोबांनी मात्र तेव्हाच, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, रोज जाकीट घालायला सुरुवात केली. मी चेष्टा केली. "आवं, गिऱ्हाइकं संपली म्हणून सोताच गिऱ्हाइक झाला का काय?" ते म्हणाले, "दुकानाची जायरात हाय ही. फुकटातली." मी हसले. माणूस हौशी होता, मला खरं वाटलं.

मग चैत्र आला. आमच्याकडचा चैत्र तुला माहीत नाही. माळावरून वारं येतं ते चुलीच्या तोंडातून आल्यासारखं. गडी माणसं उघडी बसतात. आणि तुझे आजोबा जाकीट घालून, वरपर्यंत बटणं लावून मशीनवर.

एके दिवशी मागच्या खोलीत काज करत बसले होते. पुढं मशीन चालू झालं. जोरात, एकदम जोरात. शिंप्याच्या बायकोला मशीनचा आवाज नवऱ्याच्या आवाजासारखा ओळखू येतो. जाड कापड असलं तर कसं बोलतं, मलमल असली तर कसं, शिवणीच्या जोडावर कसं अडखळतं. हा आवाज निराळा होता. कुठं अडखळत नव्हता, कुठं जड होत नव्हता. सुईखाली कापडच नव्हतं. रिकामं मशीन माणूस कशाला हाणेल?

मी उठून दारापाशी गेले. तुझे आजोबा एका हातानं चाक फिरवत होते, पाय पायडलवर, आणि दुसऱ्या हातानं कापडाचा बोळा तोंडावर दाबून खोकत होते. खांदे हलत होते. मशीनच्या आवाजात खोकल्याचा आवाज पार बुडून गेला होता. खोकला थांबला तसं मशीन थांबलं. त्यांनी बोळा बघितला, घडी केली आणि चोरखिशात घातला.

मी मागं सरले. तेव्हापासून मशीनचा आवाज आला की मी आधी कान द्यायची: भरलेलं आहे की रिकामं? दिवसातून दोनदा रिकामं असायचं. मग चारदा. भाकरी थापताना हात थांबायचा, करपायची. तुझी आई म्हणायची, "आये, ध्यान कुठं हाय तुजं?"

दोन दिवसांनी ते अंघोळीला गेले तेव्हा खुंटीवरचं जाकीट मी उलटं करून बघितलं. पट्ट्यावर बक्कल जिथं बसतं तिथं कापडाला वळ पडतो. एक वळ जुना होता. त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा. त्याच्या आत तिसरा, आणि त्याच्याही आत चौथा, अगदी ताजा. चार महिन्यांत चार वळ. माझा माणूस जाकिटाच्या आत वितळत चालला होता आणि बाहेरून बटणं जागच्या जागी होती.

तुझी आई तेव्हा वीस वर्षांची. पाटणकडचं स्थळ आलं होतं, बघणं झालं होतं, मुलगा कुपवाडला कारखान्यात लेथवर कामाला. हेच तुझे बाबा. घर शेतकऱ्याचं, मुलाचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले. पसंती आली होती. वैशाखातलं लग्न ठरलं होतं. आणि आमच्याच आळीत आदल्या वर्षी एका मुलीचं ठरलेलं मोडलं होतं, का, तर तिचा चुलता खोकतो. चुलता! त्याला काही झालेलंही नव्हतं, तंबाखूचा खोकला होता. पण कुणीतरी तो शब्द उच्चारला आणि सोयरे परतलेच नाहीत. त्या दुखण्याचं नाव आम्ही घरात घेत नसू. अजून लिहितानाही पेन अडखळतं बघ. क्षय.

दुपारी दुकानाची फळी लावल्यावर मी विचारलं. सरळ विचारलं.

"आवं, चोरखिशातला बोळा दावा."

तुझ्या आजोबांनी खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "कवापासनं म्हाईत हाय?"

"मशीन रिकामं चालतंय तवापासनं."

"कान लय तिखट हायत गं तुजं," म्हणाले आणि हसायला गेले. हसण्याचाच खोकला झाला. मी पाणी दिलं. जाकिटावरून पाठीवर हात ठेवला तर हाताला काय लागलं सांगू? सूप. नुसत्या काड्या.

"उद्या मिरजेला दवाखान्यात जाऊया," मी म्हणाले.

"उद्या न्हाई. लगीन झालं की."

"दोन म्हैनं हायत लग्नाला!"

"मिरजंच्या दवाखान्यात कवठ्याचं धा जण भेटतात रोज. त्या छातीच्या फोटोच्या रांगंत मला कुणी बगितलं तर सांजच्याला पाटणला कळंल. पोरीचं मोडलं तर मला औषिद काय करायचंय?" आणि मग हळूच, "माजी शपत हाय तुला."

मी शपथेला भ्याले असं म्हणेन तर खोटं होईल. मी स्थळ मोडण्याला भ्याले. त्यांच्याइतकीच भ्याले. दोन्हीकडून भीती, आणि मी त्यातली जवळची निवडली. आज मला विचारशील तर सांगते, ती चूक होती. त्या दोन महिन्यांत तुझी आई त्याच घरात, त्याच हवेत श्वास घेत होती. त्यांचा तांब्या मी वेगळा केला, उष्टं कुणाला खाऊ दिलं नाही, पण तेवढ्यानं काय होतं? नंतर नंतर ते आठवून मी रात्री मध्येच उठून बसायची. काही झालं नाही ते नशीब. माझी हुशारी त्यात काडीची नाही.

मग लग्नाचं जाकीट आलं. मुलीचा बाप, त्यातून शिंपी; जाकीट नवंच पाहिजे. ते म्हणाले, "तू शीव. मला बसवत न्हाई आता लय येळ. जुन्या मापावर शीव."

जुन्या मापावर म्हणजे काय ते कळतंय का तुला? सगळ्या गावाची मापं आमच्या वहीत होती. शिंप्याच्या स्वतःच्या अंगाचं माप कुठल्याच वहीत नसतं. त्याचं कोण घेणार? तो आपला जुना कपडा टेबलावर पसरतो आणि त्यावरून नवा बेततो. तुझ्या आजोबांचं माप त्यांच्या लग्नापासून कुणी घेतलेलं नव्हतं.

मी टेप घेतला. ते नको नको म्हणत होते, तरी उभं केलं. छाती जुन्या जाकिटाची अडतीस. टेप फिरवला, दोन्ही टोकं पुढं आणली, आणि आकडा बघितला. पुन्हा फिरवला. कुठं पीळ पडला असेल म्हणून टेप झटकला. तिसऱ्यांदा घेतला. बत्तीसच.

त्यांनी विचारलं, "किती?"

"छत्तीस," मी म्हणाले.

ते शिंपी होते गं. त्यांना आपल्या छातीभोवती टेप किती फिरला ते कळत नव्हतं का? मान हलवून म्हणाले, "बरूबर हाय."

बत्तीसवर शिवलं असतं तर मांडवात उभा राहिल्यावर सगळ्यांना दिसलं असतं. नुसतं अडतीसवर शिवलं असतं तर लोंबलं असतं. म्हणून मी ते केलं जे सासऱ्यांनी कधी शिकवलं नव्हतं. अडतीसचं बेतलं, आतून कॅनव्हास लावला आणि अस्तराच्या मध्ये पिंजाऱ्याकडून आणलेला कापूस भरला. छातीला दोन बोटं, खांद्याला एक, पोटापाशी थोडा. धावदोऱ्यानं चौकोन पाडले, म्हणजे सरकायला नको. वरून इस्त्री. दोन दिवस लागले. माझ्या हातून तेवढं चांगलं शिवण ना आधी झालं ना पुढं. शेवटचं बटण लावून मी ते खुंटीला अडकवलं आणि लांबून बघितलं, तर आत कुणी नसतानाही ते भरलेलं दिसत होतं. छाती पुढं काढून माणूस उभा आहे, फक्त डोकं आणि हात नाहीत. रानातल्या बुजगावण्यासारखं. मी ते झटकन काढून घडी करून ठेवलं. पुढचे आठ दिवस त्या खुंटीकडं बघवेना.

लग्न आमच्याकडंच होतं, मारुतीच्या देवळासमोरच्या पटांगणात. वऱ्हाड पाटणहून दोन ट्रकमधून आलं. तुझे आजोबा नवं धोतर, नवा पटका आणि ते जाकीट घालून उभे. बायका म्हणाल्या, "दाजी कसं भरल्यात बगा. लेकीच्या लग्नाचा बाप असावा तर असा." मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. गाल आत गेलेले होते, पण पटका खाली ओढून दाढी जराशी ठेवली होती. जाकिटानं सगळं सांभाळलं होतं. सकाळपासून एकदाच खोकला आला, तेव्हा हलगीवाल्याला त्यांनीच खूण केली, वाजव म्हणून.

मी कुंकवाचं ताट घेऊन बायकांत उभी होते. सुटल्यासारखं वाटत होतं. एवढ्यात आमच्या भावकीतला एकजण मोठ्यानं ओरडला, "चला, भेटी हुंद्या! मामा-मामा झालं, आता याह्या-याह्यांची भेट!"

ताट माझ्या हातात कलंडलं.

व्याहीभेट! अक्षतेआधी दोघं बाप एकमेकांना मिठी मारतात. आमच्या भागात नुसती मिठी नाही, एकमेकाला उचलतात. जो उचलतो त्याची बाजू ओरडते. चाळीस लग्नांत मी हे बघितलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. आणि जाकीट शिवताना ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी बघणाऱ्यांचा विचार केला, हातांचा नाही केला. मिठी मारणाऱ्याचे हात कुठं जातात? पाठीवर. आणि पाठीला मी काय लावलं होतं? अस्तर. सगळ्या जाकिटांना असतं तसं एक पदरी, पातळ अस्तर. हाताला सवय होती ना, जाकिटाची पाठ अशीच शिवायची. सगळा कापूस पुढं, आणि मागं चार वळांचा माणूस उघडा.

मुलाचे वडील पुढं आले. उंच, सरळ पाठीचा माणूस, मिशा पांढऱ्या. त्यांना याआधी दोनदा भेटलो होतो, पण नमस्कारापलीकडं अंगाला अंग लागलेलं नव्हतं. तुझे आजोबा एक पाऊल मागं सरले. मला दिसलं. लोकांना वाटलं, गंमत करतायत.

"आवं पळताय कुटं याही? भ्याला व्हय?"

"उचला, उचला!" पाटणकडची माणसं ओरडत होती. हलगी कडाडत होती. तुझी आई मांडवाच्या दारात, मुंडावळ्या बांधून, हळदीच्या हातानं पदर धरून बघत होती. तिला काही ठाऊक नव्हतं. ती हसत होती.

त्यांनी मिठी मारली. दोन्ही पंजे पाठीवर गेले. आणि जोर लावून उचललं.

जड पोतं समजून उचललेलं हलकं निघालं की उचलणाऱ्याचा तोल जातो, तसा त्यांचा तोल गेला. तुझे आजोबा भसकन वर आले, पटका हलला, पाय जमिनीपासून हातभर वर. लोक ओरडले, टोप्या उडवल्या. मी मात्र मुलाच्या वडिलांच्या तोंडाकडं बघत होते. हसणं तसंच होतं, पण डोळे थांबले होते. त्यांनी ओरडत असलेल्या गर्दीत माझ्या माणसाला खाली ठेवलं, हळू, कंदिलाची काच ठेवावी तसं. एक पंजा पट्ट्यावर होता. तो लगेच निघाला नाही. दोन बोटं पट्ट्याखाली गेली, त्यांनी मणका चाचपला आणि ती थांबली.

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस मागं वळणार, आपल्या भावाच्या कानात बोलणार, ट्रक पाटणला फिरणार. मी देवळातल्या मारुतीकडं बघितलं, तर त्याच्याकडंही बघवेना.

ते वळले. कमरेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबौ! याही लय जड निगालं! कंबार मोडली की माजी!"

आमची बाजू शिट्ट्या वाजवायला लागली. कुणीतरी म्हणालं, "पलटनीतला गडी असून दमला!" ते म्हणाले, "पलटनीत असलं वज्जं न्हवतं गड्या." सगळे हसले. तुझे आजोबाही हसले, पण त्यांचे ओठ पांढरे झाले होते. मी हसू शकले नाही. हा माणूस खोटं का बोलला? अक्षतेपर्यंत थांबून मग काही मागणार का? की जेवणं झाल्यावर चारचौघांत काढणार? अक्षता पडताना माझे डोळे नवरानवरीकडं नव्हते. त्या पांढऱ्या मिशांकडं होते.

जेवणाच्या पंगती चालू असताना ते मागं आले, जिथं मी चुलवणापाशी उभी होते. बायकांना म्हणाले, "जरा पानी आना." बायका गेल्या.

"ईनबाई, जाकीट कुणी शिवलंय?"

"मी," एवढंच निघालं तोंडातून.

"झ्याक शिवलंय. आत मानूस कवा भरनार?"

मी पदर तोंडात कोंबला. रडायचंही भय होतं, कुणी बघेल.

"कवापासनं हाय?"

"पौषापासनं."

"डागदर?"

मी मान हलवली. नाही.

तेव्हा ते चिडले. आवाज चढवला नाही, पण दातांवर दात धरून म्हणाले, "लेक आमच्यात दिली, म्हंजी आमी कोन? याही का वैरी? पौषापासनं मानूस मारताय तुमी हितं, आमाला भिऊन?" मग जरा थांबून, "माज्या पलटनीत दोगांना हेच झालतं. म्हैनोन्म्हैनं गोळ्या खाल्ल्या, येक दिस चुकवला न्हाई, धडधाकट झालं. परवा सकाळी जीप घिऊन येतो. मिरजंच्या रांगंत त्यांच्या शेजारी मी हुबा राहतो. बगू द्या कुनाला बगायचंय ते."

मी पाया पडायला वाकले तर मागं सरले. "उगं का? पोरगी वाट बगतीया तिकडं, जावा," म्हणाले आणि पंगतीत वाढायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच आले. भीती तिथं संपली असं समजू नकोस. मिरजेच्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. काळ्यात पांढरं, डाव्या बाजूला ढग उतरल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात. गोळ्यांनी बरं होतं, पण शरीरात किती ताकद उरलीय ते बघावं लागेल." ते बघण्यात पूर्ण पावसाळा गेला. गोळ्यांनी उलट्या व्हायच्या, लघवी तांबडी व्हायची, ताप चढायचा. आळीतल्या दोन घरांनी आमच्याकडं शिवायला टाकणं बंद केलं. बाकीची येत राहिली. तुझ्या आईला मी पत्रानं सगळं कळवलं, आणि तिची, तुझ्या बाबांची तपासणी होऊन 'काही नाही' असं उत्तर येईस्तोवर माझ्या जिभेला चव नव्हती.

श्रावणात एकदा पुढून मशीनचा आवाज आला. मी कान दिला. आवाज जोडावर अडखळला. पुन्हा अडखळला. सुईखाली कापड होतं. मी तिथंच जमिनीवर बसले.

दसऱ्याला त्यांनी ते लग्नातलं जाकीट अंगात घातलं तर बटण ओढून धरायला लागलं. आत कापूस आणि माणूस, दोघांना जागा पुरेना. मी अस्तराची एक शिवण उसवली आणि पोटापासचा मूठभर कापूस काढला. पुन्हा शिवलं. दिवाळीनंतर खांद्यातला काढला. संक्रांतीला उजव्या छातीतला. दर खेपेला उसवायचं, काढायचं, टाके घालायचे. ते गंमत करायचे, "आगं, कोंबडी सोलतीयास जनू."

डाव्या छातीतला मात्र राहिला. त्या बाजूचा ढग फोटोतून पूर्ण गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, तो डाग राहणार, जखमेचा व्रण राहतो तसा, घाबरायचं नाही. मी घाबरले. मला वाटायचं, हा शेवटचा कापूस काढला आणि उद्या ती बाजू पुन्हा रिकामी झाली तर? म्हणून ठेवला. तू झालीस तेव्हा बारशाला ते हेच जाकीट घालून पाटणला आले होते, आणि तुला छातीशी धरलं ते डाव्या बाजूलाच, कापसावर. तू झोपून गेलीस. पुढं बरीच वर्षं जगले, ती तुला आठवतात. गेले ते म्हातारपणानं, खोकल्यानं नाही. तरी मी तो काढला नाही. आता तू काढलास. काढलास तर काढलास. रात उलटून दिवस उजाडला, काही झालं नाही, हे बघून मी हे लिहायला बसले.

पण एक विचारते. फोटो तू समोरून पाठवलास. जाकीट तुला चापून बसलंय, लोंबत नाही. अडतीसचं जाकीट, आणि तू एवढीशी. म्हणजे मागं पट्टा किती आवळलायस? कितव्या वळावर? फोनवर "बरी आहे आजी, कामाचा ताण आहे जरा" म्हणतेस, आणि मध्येच तिकडून पाण्याचा नळ मोठा सोडल्याचा आवाज येतो. माझे कान अजून तिखट आहेत.

रागावले नाही गं. जाकीट घेऊन ये, या रविवारी नाही जमलं तर पुढच्या. पाठमोरी उभी राहा माझ्यासमोर, टेप माझ्याकडं आहे. आकडा मी खरा सांगेन यावेळी. पण ये, लवकर ये.